पोस्टमॉर्टमच्या नावाखाली किडन्या काढतात म्हणे!

सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज परत आलाय, तिसऱ्यांदा. थोडक्यात असा: पोस्टमॉर्टम (पीएम) करणारे खरे डॉक्टरच नसतात, सहा महिन्यांचा कोर्स केलेले असतात, कापाकापी तर कामगारच करतो आणि डॉक्टर बाहेर चहा पीत सही ठोकतो, व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) म्हणून किडन्या काढून विकतात, आणि रात्री पीएम नाकारतात ते पैसे उकळायला. खाली चौघांचे जोडलेले हात आणि एका काकांचं "१००% सत्य". आता मी स्वतः एमडी फॉरेन्सिक, म्हणजे पीएम करणारा डॉक्टर आहे हे त्या काकांना चांगलं माहितीय, मागे त्यांनीच विचारलेलं की तुमच्यात जिवंत माणसाला गोळ्या लिहून देता येतात का हो.

तर आधी कोर्सचं. साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप, मग नीट-पीजी ही प्रवेश परीक्षा, मग तीन वर्षं एमडी फॉरेन्सिक मेडिसिन, एवढं झाल्यावर माणूस यातला स्पेशालिस्ट होतो. घोळ होतो तो बीएस्सी, एमएस्सी फॉरेन्सिक सायन्समुळे, ती मुलं मुंबईत कलिन्याला आहे तसल्या सरकारी फॉरेन्सिक लॅबमध्ये डीएनए, विष, बंदुकीच्या गोळ्या हे सगळं तपासतात, महत्त्वाचंच काम आहे, पण पीएम त्यांना करता येत नाही. पोरांना "पीएम करायला मिळेल" म्हणून त्या कोर्सला घालणाऱ्या पालकांनी हे आधी वाचा.

कामगाराचं अर्धं खरं आहे. कवटी उघडणं, शेवटी शिवणं ही कामं बऱ्याच ठिकाणी मॉर्च्युरीतला कामगारच करतो आणि सफाईने करतो. पण काय बघायचं ते डॉक्टरने बघायचं असतं. गळफासाचा वळ साधारण तिरका, वर कानामागे चढत जाणारा, मध्ये तुटलेला असतो आणि दोरीने आवळलेल्या गळ्यावर तो बहुतेक आडवा, पूर्ण फिरलेला, जरा खाली असतो, शिवाय आतल्या स्नायूंत रक्त साकळलंय का ते थर थर सोडवून बघावं लागतं, आणि हे सही करणाऱ्याने स्वतः बघितलं नसेल तर उद्या कोर्टात वकील त्याची सालं काढतो. डॉक्टर आत न जाता सही करतो असं कुठेच होत नाही का? होतं, मी एका ठिकाणी पाहिलंय, ती हरामखोरीच आहे, त्याला दुसरा शब्द नाही.

किडनीवर मात्र मला हसावं की रडावं कळत नाही. विषाची शंका असली की जठर, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा तुकडा आणि दोन्ही किडन्यांचा अर्धा अर्धा भाग काढून बरणीत ठेवतात, बरणीत असतं मिठाचं संपृक्त पाणी, हो, आपलं स्वयंपाकातलंच मीठ. मग सील, लेबल, पोलिसाच्या हाती लॅबकडे. रक्तपुरवठा थांबून तासन्‌तास झालेली, वर मिठाच्या पाण्यात बुडवलेली अर्धी किडनी कोण कुणाला बसवणार? ब्रेन डेड पेशंटची किडनी घेतात तेव्हा त्याचं हृदय चालू असतं, दोनदा तपासण्या होतात, घरच्यांची सही लागते, आणि ते घडतं ऑपरेशन थिएटरमध्ये.

रात्रीचं कारण प्रकाश. मुक्या माराचा रंग आधी लालसर, मग निळा, हिरवट, पिवळा होत जातो, पिवळ्या बल्बखाली तो नीट कळत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सोय असलेल्या हॉस्पिटलांना सूर्यास्तानंतरही पीएमची परवानगी दिलीय, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेली बॉडी, घातपाताचा संशय असेल तर कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असल्याशिवाय नाही.

जाता जाता, मेसेजमध्ये "मृत्यूची अचूक वेळ लपवतात" असंही होतं. अचूक वेळ टीव्हीवर सांगतात. बॉडी किती कडक झालीय, ऊन किती होतं, पंखा होता का, हे सगळं धरून आम्ही अंदाजे इतक्या ते इतक्या तासांत एवढंच म्हणतो.

राग काढायचाच तर यावर काढा की कायद्याने सरकारी एमबीबीएस मेडिकल ऑफिसरकडूनही पीएम करून घेता येतं, त्यामुळे ग्रामीण रुग्णालयात सकाळी ओपीडी, दुपारी डिलिव्हरी आणि संध्याकाळी खुनाचं पीएम एकाच माणसाच्या गळ्यात पडतं. आणि "मृत्यूचं कारण राखून ठेवलं" असं लिहिलं की लॅबच्या रिपोर्टची वाट बघत घरच्यांचा विमा महिनोन्‌महिने अडकतो. यावर कुणी मेसेज लिहा, मी स्वतः पन्नास ग्रुपवर टाकतो.