‘पुतळ्यावर शिकलेले डॉक्टर’ : एका दाव्याचा प्रतिवाद

वैद्यकीय शिक्षणाविषयीचा एक मजकूर सध्या मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : सिम्युलेशन, म्हणजे रुग्णाऐवजी पुतळ्यावर किंवा नकली प्रसंगात केलेला सराव, हा महागड्या पुतळ्यांचा खेळ आहे; पुतळा आणि माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक असल्यामुळे तिथे शिकलेले रुग्णाजवळ कामी येत नाही; अशा सरावातून खोटा आत्मविश्वास मात्र येतो; मागच्या पिढ्या थेट रुग्णांवर शिकल्या आणि उत्तम घडल्या; आणि ज्याला काम येते त्याला शिकवताही येतेच, त्यामुळे शिक्षकांना यासाठी वेगळे प्रशिक्षण देणे म्हणजे वेळेचा अपव्यय. हा मजकूर मला अनेक सहकाऱ्यांनी पाठवला आणि त्यांतल्या काहींनी तो पटल्याचेही कळवले. नवख्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना शिकवणे हेच माझे काम असल्यामुळे त्याला मुद्द्यागणिक उत्तर देणे मला आवश्यक वाटते. जिथे त्यात तथ्य आहे तिथे ते मान्यही करतो.

मागच्या पिढ्यांचा मुद्दा आधी घेतो, कारण तो इतिहासालाच धरून नाही. अठराव्या शतकात फ्रान्समधील आंजेलिक द्यु कूद्रे या सुईणीने कापड आणि चामडे वापरून कटिभागाचा व अर्भकाचा नमुना तयार केला, आणि १७५९ मध्ये राजाज्ञा मिळाल्यावर प्रांतोप्रांती फिरून त्यावर बाळंतपणाचे धडे दिले. १९६० मध्ये नॉर्वेतील खेळण्यांचे उत्पादक आस्मुंड लेर्दाल यांनी ‘रेससी अ‍ॅन’ हा पुतळा बाजारात आणला, आणि तेव्हापासून जगभरातील असंख्य लोक त्याच्यावर किंवा त्याच्यासारख्या पुतळ्यांवर सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवण्याची क्रिया, शिकत आले. ज्याचे हृदय चालू आहे त्याची छाती सरावासाठी पाच सेंटिमीटर दाबता येत नाही आणि ज्याचे थांबले आहे त्याच्याजवळ धडा घ्यायला वेळ नसतो, म्हणून दुसरा मार्गच नव्हता. थेट रुग्णांवर शिकून चांगले डॉक्टर घडले हे खरे. पण त्यांचा पहिला, चाचपडणारा हात ज्या रुग्णांच्या वाट्याला आला, त्यांचा हिशेब फारसा कोणी ठेवला नाही. वैद्यकीय चुकांमुळे अमेरिकेतील रुग्णालयांत वर्षाला ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडणारा प्रसिद्ध अहवाल १९९९ मध्ये आला, तेव्हा त्यातील शिफारशींमध्ये सिम्युलेशनचाही समावेश होता.

आता मुख्य आक्षेप, म्हणजे पुतळ्यावर शिकलेले रुग्णाजवळ उपयोगी पडत नाही हा. याचे उत्तर मतांनी देता येणार नाही, ते रुग्णांच्या नोंदींतूनच द्यावे लागेल. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रेसिडेंट डॉक्टरांना, म्हणजे रुग्णालयात राबून पुढचे शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना, मानेच्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइन, म्हणजे औषधे देण्याची लांब नळी (कॅथेटर), घालण्याचे शिक्षण पुतळ्यावर दिले गेले आणि ठरवलेल्या पातळीपर्यंत हात बसल्याशिवाय कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार त्या अतिदक्षता विभागात कॅथेटरमुळे रक्तात होणाऱ्या संसर्गाचे प्रमाण दर हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णाच्या शिरेत एक दिवस नळी असणे म्हणजे एक कॅथेटर-दिवस) ३.२० वरून ०.५० वर आले. येल विद्यापीठातील २००२ चा प्रयोग लहान होता, त्यात फक्त १६ रेसिडेंट होते. परंतु दुर्बिणीतून पित्ताशय काढताना पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीच जागा भाजली जाण्याची शक्यता सिम्युलेटरवर सराव न केलेल्यांमध्ये पाचपट आढळली. शस्त्रक्रिया खऱ्या रुग्णांवरच्या होत्या.

मला स्वतःला सर्वांत बोलके उदाहरण वाटते ते ब्रिस्टलच्या साउथमीड रुग्णालयाचे. प्रसूतीत बाळाचे डोके बाहेर येते आणि खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकतो, याला शोल्डर डिस्टोशिया म्हणतात. ही आपत्ती बहुधा पूर्वसूचना न देता येते, हाताशी मोजकी मिनिटे असतात, आणि घाबरलेल्या माणसाची सहज ओढ डोके धरून खेचण्याकडे असते. नेमक्या त्या खेचण्याने बाळाच्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. करायचे असते ते वेगळेच : मदतीला हाक मारायची, आईच्या मांड्या पोटाशी घ्यायच्या, जघनास्थीच्या वरून दाब द्यायचा, आणि गरज पडली तर आत हात घालून खांदा फिरवायचा. एखाद्या सुईणीच्या वाट्याला असा प्रसंग क्वचितच येतो, त्यामुळे ‘अनुभवातून शिकेल’ असे म्हणून तो सोडून देता येत नाही. साउथमीडमध्ये सर्व कर्मचाऱ्यांना एकत्र घेऊन पुतळ्यावर याचा सराव दिला गेला, आणि अशा प्रसंगांत बाळाला होणाऱ्या इजांचे प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर उतरले. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

या आक्षेपात तथ्य कुठे आहे? टांझानियातील हायडम येथील रुग्णालयात नवजात बाळाला श्वास देण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले, तेव्हा सुईणी पुतळ्यावर उत्तम काम करू लागल्या, पण प्रसूतिगृहातील त्यांच्या कामात बदल दिसला नाही. दावा करणाऱ्यांनी एवढेच पाहिले तर त्यांना आपले म्हणणे सिद्ध झाले असे वाटेल. परंतु त्याच रुग्णालयात पुढे प्रसूतिकक्षातच पुतळा ठेवून थोडा-थोडा, वारंवार सराव सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांतील बाळांचे मृत्यू घटले. म्हणजे सरावाची मात्रा आणि त्याची जागा चुकली होती. एक दिवस शिबिर घेऊन प्रमाणपत्र वाटण्याला मी स्वतः प्रशिक्षण मानत नाही.

खोट्या आत्मविश्वासाचा आरोप अशा एकदिवसीय शिबिरांवर लागू पडतो हेही मान्य. नीट चाललेल्या सरावात मात्र उलटे घडते. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची, हे पाठ असलेले अनुभवी लोकसुद्धा मापक जोडलेल्या पुतळ्यावर दोन मिनिटे काम करतात तेव्हा दाब उथळ होत चालल्याचे त्यांना पडद्यावर दिसते. आपण बरोबर करतो आहोत हा वर्षानुवर्षांचा समज तिथे गळून पडतो. शिवाय हे कौशल्य काही महिन्यांतच ढासळते, म्हणून एकदा शिकून भागत नाही.

खर्चाबाबत माझे म्हणणे थोडक्यात आहे. लाखमोलाचा पुतळा आणायचा आणि आच्छादन घालून कुलपात ठेवायचा, हा प्रकार घडतो आणि तो चुकीचाच आहे. पण साधे नमुने आणि अति-वास्तव पुतळे यांच्यावर शिकणाऱ्यांच्या कामगिरीत फारसा फरक पडत नाही, असे २०१२ मधील एका प्रसिद्ध आढाव्यात दिसून आले. नवजात बाळाला श्वास द्यायला शिकण्यासाठी पाण्याने भरता येणारा साधा बाहुला आणि पिशवी-मास्क पुरतात. दुःखद बातमी कशी सांगावी हे शिकायला तर पुतळाही लागत नाही. रुग्णाची भूमिका करणारी प्रशिक्षित व्यक्ती समोर बसवण्याची पद्धत अमेरिकेत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्येच सुरू केली.

शेवटचा मुद्दा शिक्षकांचा. मजकुरात तो जाता-जाता आला आहे, पण सर्वाधिक नुकसान करणारा समज तोच आहे. सिम्युलेशनमधील शिकणे प्रसंग चालू असताना कमी आणि नंतरच्या चर्चेत, म्हणजे डीब्रीफिंगमध्ये, जास्त घडते, आणि ती चर्चा घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे.

आमच्या सरावाच्या खोलीत अनेकदा पाहिलेला एक प्रसंग सांगतो. पुतळ्याची नाडी लागत नाही, मॉनिटरवर सरळ रेष आहे, छाती दाबणे चालू आहे. अशा वेळी हृदयाला चालना देणारे अ‍ॅड्रिनलिन हे औषध द्यायचे असते. रेसिडेंट म्हणते, “कोणीतरी अ‍ॅड्रिनलिन द्या.” तिघे जण ते ऐकतात आणि औषध जात नाही. काम उत्तम येणारा पण शिकवण्याचे शिक्षण न घेतलेला शिक्षक नंतर म्हणतो, “तुम्ही अ‍ॅड्रिनलिन विसरलात.” रेसिडेंट मान खाली घालते आणि विषय संपतो, मीही कित्येक वर्षे तेच करत होतो. शिकलेला शिक्षक आधी आपण काय पाहिले ते सांगतो आणि मग प्रश्न विचारतो : “तुम्ही औषध सांगितलेत, ते तिघांनी ऐकले, पण सिरिंज कोणी उचलली नाही. त्या वेळी तुम्हाला प्रत्येकाला काय वाटत होते?” मग तो गप्प बसतो, आणि ती शांतता सहन करायला शिकणे हा त्याच्या प्रशिक्षणातला अवघड भाग असतो. बऱ्याच वेळाने एखादी सिस्टर बोलते, “मला वाटलं, मॅडम दुसऱ्या सिस्टरना सांगताहेत.” कोणी काही विसरलेले नसते. आज्ञा कोणाच्याच नावाने गेलेली नसते, एवढेच.

त्यानंतर तोच प्रसंग त्याच दिवशी पुन्हा घेतला जातो. या वेळी रेसिडेंट सिस्टरकडे पाहते, तिचे नाव घेते आणि म्हणते, “एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन द्या, आणि दिल्यावर मला सांगा.” काही सेकंदांत उत्तर येते, “एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन दिलं, मॅडम.”