इंचाला आठ ठिपके

"काका, हे तर फाटून राहिलं!" सीताबर्डीतल्या त्या फ्लेक्सवाल्या पोराने स्क्रीनवरची नजर न हलवता जाहीर केलं. दुकानात चार माणसं होती. चौघांनीही माझ्या पँटकडे पाहिलं.

फाटत होता, म्हणजे मोठा केल्यावर चौकोन-चौकोन दिसत होता, तो लोगो. बायकोच्या संत्रा बर्फीचा. भाच्याने मोबाईलवर काढला, मग फॅमिली ग्रुप, तिथून बायको, तिथून मी. स्टॉलसाठी पाच फुटी बॅनर हवा होता.

"ओपन फाईल नाही का जी, डिझाइनची मूळ? सीडीआर?"

मी ऐटीत पीडीएफ दिली. त्याने उघडली. आत तोच जेपीजी, वर्डमध्ये चिकटवलेला. "काका, चिवड्याच्या डब्यात पोळी ठेवली म्हून चिवडा होते का?"

माझं लग्न झालं तेव्हा हा जन्मला नव्हता.

तेवढ्यात बाकावरचे एक आजोबा वळले. "पिक्सल किती आहे रुंदीला?"

"480," पोरगं म्हणालं.

"पाच फूट म्हणजे साठ इंच. इंचाला आठ ठिपके. आमच्या हिच्या रांगोळीत याहून जास्त असायचे."

बॅनर लांबूनच पाहतात, असं मी पुटपुटलो.

"म्हणून तर शंभरावर भागते. आठावर नाही भागत, भाऊ. अन् व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो पिळूनच निघते. डॉक्युमेंट म्हणून पाठवाचा."

त्यांचं काम काय, म्हणून विचारलं. त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातून पेनड्राइव्ह सोडवला. "माझा फोटो. बारा बाय अठरा इंच, तीनशे डीपीआय, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके. 3600 बाय 5400, टिफमध्ये. हार घालाचा."

"कोणाला?"

"मलाच. आज नाही, पुढे. पोरं पुण्यात. ऐन वेळी आधार कार्डावरचा लावतील. शेजारच्या सायबांचा तसाच लावला होता पेपरात. मी श्रद्धांजली वाचली, तरी दोन दिवसांनी त्यांच्याकडेच चहाला गेलो."

"आजोबा, ग्लॉसी का मॅट?"

"मॅट. ग्लॉसीवर बल्ब चमकते, अन् लोकांना बल्बालाच नमस्कार करा लागते."

माझं काम मागे पडलं ते पडलंच. शेवटी लोगो ट्रेस करायचं ठरलं, म्हणजे पोराने कोरेल नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो रेषारेषांनी पुन्हा काढायचा. मग पाच फूट करा की पन्नास, फाटत नाही. ट्रेसिंगचे पैसे बॅनरपेक्षा जास्त. वर संत्र्याचा रंग विटका आला. मी तक्रार केली, तर म्हणे स्क्रीनवर उजेड असते, मशीनमध्ये शाई. तेवढा भडक नारिंगी चार शाईंतून निघतच नाही. ज्या संत्र्याला 2014 साली जीआय मानांकन मिळालं, ते खुद्द नागपुरात छापायचं तर लिंबू आणि गाजराच्या मधलं काहीतरी! आणि पैसे मात्र पूर्ण. भाच्याला फोन केला, तर म्हणाला, "मामा, माझ्या मोबाईलवर तर मस्त दिसते."

रात्री, उगाच, गॅलरीत स्वतःचा 3600 पिक्सलचा फोटो शोधला. सगळे ग्रुपवरून आलेले, पिळलेले. एकच धड निघाला, पुतण्याच्या लग्नातल्या फोटोग्राफरने दिलेला. त्यात मी वरणात बोट बुडवून मीठ बघतोय.