गोळीनं शील मोडत नाही, आत्या

कराडात आत्या मोरीत घसरली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर चार दिवसांनी अभ्रा बदलताना आतून चार गोळ्या टपकल्या. दुखणं थांबवणाऱ्या, जरा गुंगी आणणाऱ्या. म्हणजे रात्रभर कण्हायची ती यामुळं! विचारलं तर तिनं मोबाईल पुढे केला. भावकीतल्या कुणीतरी पाठवलेला मेसेज, ‘खऱ्या बौद्धाचे नियम’. आमच्या तीन ग्रुपांवर तो आधीच फिरून गेलाय.

त्यातलं हे वाचा: गुंगी आणणारं कुठलंही औषध घेतलं की पाचवं शील मोडलं, वेदना सोसणं हेच पहिलं आर्यसत्य.

डोकं फिरलं माझं. शीलं म्हणजे बौद्धांनी पाळायचे पाच नियम. आत्या रोज सकाळी म्हणते ते पाचवं असं आहे: ‘सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी’. सुरा, मेरय, मज्ज म्हणजे दारूचे प्रकार. पमादट्ठान म्हणजे माणसाला बेसावध करणारी गोष्ट. वेरमणी म्हणजे त्यापासून दूर राहणं. खुबा मोडलेल्या म्हातारीला दोन तास झोप लागली, यात प्रमाद कसला?

मेसेजवाला म्हणतो, बुद्धानं संसाऱ्यांना काही सांगितलंच नाही, म्हणून भिक्षूंचेच नियम पाळा. बरं, भिक्षूंचेच घेऊ. विनयपिटक म्हणजे भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ. त्यातल्या महावग्ग या भागात औषधांवर एक अख्खा खंधक, म्हणजे अध्याय आहे, सहावा. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्षूला वाताचा त्रास होता. वैद्यांनी तेल काढवायला सांगितलं, त्यात मद्य घालायचं होतं. बुद्धानं परवानगी दिली. मग काही बिलंदर भिक्षूंनी मद्यच जास्त ओतलं आणि झिंगले. तेव्हाही बुद्धानं औषध बंद केलं नाही. मद्याचा रंग, वास, चव कळणार नाही इतपतच घाला, एवढंच बजावलं. मद्य जास्त पडलेलं तेल अंगाला चोळायला मोकळीक दिली. भिक्षूला जे चालतं ते माझ्या आत्याला चालत नाही?

आणि पहिलं आर्यसत्य दुःख आहे म्हणतं, सोसत बसा म्हणत नाही. देहाला क्लेश देणं हे टोक तर सारनाथच्या पहिल्याच प्रवचनात बुद्धानं बाजूला सारलं.

मेसेजातलं बाकीचं पटकन उरकते. ‘शील मोडलं की धम्माबाहेर’: गाथेत ‘सिक्खापदं समादियामि’ आहे, शिकण्याचा नियम मी स्वतः घेते. बाहेर काढणारे तुम्ही कोण? ‘संसाऱ्यांना काही सांगितलं नाही’: सिगालोवाद सुत्त हा बुद्धाचा उपदेश सगळा गृहस्थालाच सांगितलाय. कमाईचे चार भाग कसे करावेत इथपासून नोकर आजारी पडला तर त्याची शुश्रूषा करावी इथपर्यंत.

‘शेतकऱ्याला पहिलं शील पाळता येत नाही’ यात मात्र, नाइलाजानं सांगते, थोडं तथ्य आहे. पहिलं शील म्हणजे जीव न मारणं. बुद्ध चेतनेलाच, म्हणजे मनातल्या हेतूलाच, कर्म म्हणतो. उसात हुमणीच्या अळीला औषध सोडताना आमची चेतना हुमणी मारायचीच असते, तिथं शब्दांचे खेळ करून सुटता येत नाही. पण म्हणून शेतकरी बौद्धच नाही, हे त्यातून कसं निघालं?

हे सगळं आत्याला दोनदा वाचून दाखवलं. पिलिंदवच्छाची गोष्ट तिनं तिसऱ्यांदा सांगायला लावली. मग गोळी हातात घेतली, नाकाशी नेली, हुंगली.

“न्हाई बग वास,” म्हणाली. “पाणी दे.”