‘मोठी झाल्यावर ठरवतील की’ म्हणणाऱ्या ताईंना

ताई, येळवशीवरच्या (आमच्याकडच्या वेळ अमावास्येच्या शेतातल्या सणावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत की, देश धर्मनिरपेक्ष आहे, लेकरांच्या डोक्यात लहानपणीच येशू कोंबू नका, मोठी झाल्यावर ती ठरवतील. आणि पूजेच्या वेळी त्यांना बाजूला उभं करून वेगळं कशाला पाडता? दोन दिवस उत्तर लिहिता आलं नाही. शेवटचं वाक्य लागलं.

आधी सोपं ते. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द १९७६ मध्ये ४२व्या घटनादुरुस्तीनं उद्देशिकेत आला, तो राज्यासाठी. पूर्ण सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही, असं कलम २८ सांगतं. मला ते मनापासून पटतं. पण माझं घर म्हणजे झेडपीची शाळा नव्हे. लातुरात वाढणाऱ्या लेकराला पोळा, गणपती, हरिपाठ कुणी शिकवावा लागत नाही. नाताळ मात्र मुद्दाम शिकवावा लागतो.

आता येळवस. शेजारच्या काकांच्या शेतात आम्ही दरवर्षी जातो. कडब्याची कोप म्हणजे खोपी, आत पाच पांडव म्हणून मांडलेले दगड, मग भज्जी, उंडे, आंबील. पूजा होईपर्यंत मी लेकरांना लांब बांधावर थांबवायचो, जेवायला मात्र सगळ्यांच्या पंगतीत. थोरलीनं एकदा विचारलं, “पप्पा, पूजा चालत नाही अन् भज्जी कशी चालती?” हाच पेच बायबलच्या काळात करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, पडला होता. प्रेषित पौलानं त्यांना पत्रात लिहिलं, कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं, तर खाऊ नका. ते तिला समजावलं. पण बांधाचं काय? तिथं श्रद्धा कमी आणि मंडळीतलं कुणी बघेल ही भीती जास्त होती. तेवढं तुमचं कबूल. आता आम्ही कोपीपाशीच उभे राहतो, हात जोडत नाही. काकांना त्याचं काही वाटत नाही. (काकूंना वाटतं, पण डबा भरून देतातच.)

राहिलं ठरवण्याचं. ज्यांचे अभंग आम्ही रात्रीच्या प्रार्थनेत म्हणतो, त्या कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० मध्ये, स्वतःला पटल्यावर. माझ्या मुलांचा बाप्तिस्मा तान्हेपणीच झाला, त्यांना विचारलं नव्हतं हे खरं. मराठी बोलायचं का, हेही विचारलं नव्हतं. पण दृढीकरणाच्या (तान्हेपणीचा बाप्तिस्मा मोठेपणी पक्का करण्याच्या विधीच्या) वेळी मुलानं स्वतःच्या तोंडानं ‘होय’ म्हणायचं असतं. थोरली चौदाची आहे. गेल्या वर्षी सगळे वर्ग करून आदल्या रविवारी म्हणाली, “मला अजून नाही वाटत.” पाळकसाहेबांकडे मीच गेलो. ते म्हणाले, थांबू. तिची आजी रडली, आमच्याशी चार दिवस धड बोलली नाही.

शिवलेला पांढरा ड्रेस कपाटात आहे. यंदा तो तोकडा होईल, असं तिची आई म्हणते.