'काका, सब सेम है' म्हणे!

तीस मीटर केबल. माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संचाच्या, गच्चीवरच्या अँटेनापासून पहिल्या मजल्यावरच्या माझ्या खोलीपर्यंत, बस्स. या तीस मीटरनं माझा अर्धा पावसाळा गिळला, आणि आज मी कुणाचं ऐकून घेणार नाही.

मे महिन्यात मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. "50 ओहमची आरजी 58 द्या," म्हटलं. आरजी 58 म्हणजे रेडिओला अँटेना जोडायची बारीक केबल. काउंटरवरच्या पोरानं मोबाइलवरची नजर न हलवता एक वेटोळं पुढं सरकवलं. जाळी किती दाट आहे, मधली तार तांब्याचीच ना, असं विचारलं तर म्हणे, "काका, वायर है, सब सेम है. करंट जाने से मतलब." करंट जाने से मतलब! अरे, मला काय देव्हाऱ्यात दिवा लावायचाय? माझा रेडिओ चालतो त्या 145 मेगाहर्ट्झला त्या केबलमधून नुसता 'करंट' जात नाही रे बाबा. मधली तार, भोवतीचं प्लास्टिक आणि वरची जाळी यांच्यातलं अंतर नीट राखलेलं असेल तर ती 50 ओहम, म्हणजे रेडिओशी जुळणारी, नाही तर ती नुसती काळी दोरी.

आणि अस्सल आरजी 58 तरी कुठे मोठी पुण्यवान? 145 मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सुमारे 20 डीबी खाते (डीबी हे सिग्नल घटण्याचं माप, दर तीन डीबीला ताकद निम्मी). म्हणजे माझ्या तीस मीटरला सहा. खालून 25 वॉट सोडले तर वर सहाच्या आसपास पोहोचतात, बाकीचे केबल गरम करतात. हे मला माहीत होतं. स्वस्तात भागवू म्हणून मी तीच घेतली, तेव्हा पहिली चप्पल माझ्याच डोक्यात. पण जे घेतलं ते निदान खरं तरी असावं की नाही?

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि बदलापूरचा मित्र सांगू लागला, "तू नुसता खरखरतोयस." मी एसडब्ल्यूआर मीटर लावला. सोडलेल्यातलं किती माघारी येतं ते तो सांगतो, आकडा एकच्या जितका जवळ तितकं चांगलं. 1.2! इतका देखणा आकडा माझ्या आयुष्यात कधी आला नव्हता. मी उलट त्यालाच सुनावलं, तुझाच अँटेना बघ म्हणून. त्यानं बिचाऱ्यानं भर पावसात पत्र्यावर चढून बघितलासुद्धा. (त्याची माफी मागून झालीय. वडापाववर भागलं.)

ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली तेव्हा गच्चीवर गेलो. अँटेनाचा कनेक्टर हातात घेतला तर मधली पिन तुटून आतच राहिलेली, आणि सगळं हिरवं पडलेलं. म्हणजे अँटेना जोडलेलाच नव्हता! आणि मीटर खाली 1.2 दाखवत बसलाय.

यातली गोम कुणी धड सांगत नाही, म्हणून सांगतो. केबल जितकी भिकार, तितका एसडब्ल्यूआर सुंदर. माझी केबल पाणी पिऊन दहा डीबी खात होती. 25 वॉटमधले अडीच वर पोहोचले, तुटक्या टोकाला आपटून माघारी फिरले, उतरताना पुन्हा दहा डीबी, आणि मीटरपाशी आले पाव वॉट. मीटरला वाटलं, वा, परत काहीच येत नाही, सगळं हवेत गेलं! हवेत कसलं, रबरात गेलं.

घरी आणून ब्लेडनं सोलली. जाळी म्हणावी तर कीव येईल, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके केस. निरांजनातली वात तेल ओढते तसं त्या केसांनी गच्चीपासून खालपर्यंत पाणी ओढलेलं, वर आमची खारी हवा. मधल्या तारेला फ्रिजवरचं लोहचुंबक लावलं, टप्पकन चिकटलं. आत स्टील, वर तांब्याचा मुलामा. आता खरं सांगायचं तर स्टीलचं मला इतकं दुःख नाही. या फ्रिक्वेन्सीला सिग्नल तारेच्या पाच-सहा मायक्रॉन कातडीतूनच धावतो, आत काय आहे याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. डिशच्या केबलमध्ये सर्रास असतं, आणि ते उघड असतं. राग आहे तो तांबं म्हणून पैसे घेतल्याचा आणि त्या टकल्या जाळीचा. दुधाला निदान लॅक्टोमीटर तरी लावता येतो.

यात सगळ्यात झोंबलेली गोष्ट वेगळीच. खालच्या मजल्यावरचा डिश बसवणारा पोरगा मेमध्ये म्हणाला होता, "काका, माझ्याकडची आरजी 6 घ्या, उरलीय." ती डिशची 75 ओहमची केबल, माझा रेडिओ 50 ओहमचा, यावर मी त्याला अर्धा तास प्रवचन दिलं. ती लावली असती तर एसडब्ल्यूआर दोनच्या आतच दिसला असता आणि तीस मीटरला अडीच डीबीत काम झालं असतं. तो पोरगा आता जिन्यात भेटला की मीच खाली बघतो.

दुकानात परत गेलो. "बारिश में सबका ऐसा ही होता है, काका." बिल? बिल कुठे दिलं होतं!

शेवटी दुसरीकडून कमी सिग्नल खाणारी आरजी 213 केबल आणली, दुकानातच सोलायला लावून, चुंबक दाखवून. बोटाएवढी जाड, डक्टमध्ये वळता वळत नाही, आणि सोसायटीचे सेक्रेटरी विचारतायत, "जोशी, टॉवर बसवताय का?" वरचा कनेक्टर या वेळी चिकटणाऱ्या रबरी टेपनं गुंडाळलाय आणि केबल खाली झोळ देऊन वर घेतलीय, म्हणजे पाणी तिथंच ठिबकेल.

जुनी तीस मीटर बायकोनं गॅलरीत कपडे वाळत घालायला बांधली. चादरींनी जराही झोल येत नाही. आतलं स्टील अखेर कामी आलं.