एकच गुडघा

परवा मला भर पारायणात खुर्चीवरून उठवलं. तेही तेराव्या अध्यायात.

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीतल्या विठ्ठलाच्या देवळात ज्ञानेश्वरी लागलीय. रोज एक अध्याय, अठरा दिवस. जायची कल्पना माझी नव्हे. बेंगळूरचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता जरा अध्यात्माकडे वळा." म्हणजे मीटिंगच्या वेळेत फोन करू नका, एवढं मला कळतं. सोबत त्यानं बोटात घालायचं जपाचं यंत्रही पाठवलं. ते आमच्या घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला वापरतात.

तसा मला उशीरच झालाय. माउलींनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा त्यांचं वय पंधराच्या आसपास. एकविसाव्या वर्षी समाधीसुद्धा घेऊन मोकळे. मी सत्तरीत पहिली ओवी लावतोय. वानप्रस्थ म्हणावं तर त्याला घर सोडावं लागतं. मी जन्मलो मुंबई राज्यात, १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलो, १९७३ ला कर्नाटकात आणि २०१४ ला बेळगावातून बेळगावीत. हे सगळं त्याच उंबऱ्याच्या आत, त्याच न्हाणीत अंघोळ करून. आता आणखी कुठं जाऊ?

तर खुर्च्या. देवळात त्या चौदा. पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडे. आणि त्यांच्यावर एक मामा. कानामागं पेन्सिल, करगोट्याला किल्ल्यांचा जुडगा, वय पन्नाशीच्या आतलं, म्हणजे स्वतःचे दोन्ही गुडघे शाबूत. पहिल्याच दिवशी दारात अडवलं.

"काका, गुडघा का कंबर?"

"गुडघा."

"एक का दोन?"

"उजवा."

"मग एकच की. दोनवाल्यास्नी आधी. एकवाल्यांनी भितीला टेकायचं."

"अहो, पण दुखतो."

"दुखतंय तर समद्यास्नीच. फोटो काढलाय काय?" फोटो म्हणजे एक्स-रे. नव्हता काढला. "शुगर?" नाही म्हणालो. मामा कळवळला. "शुगर असती तर काय तरी केलं असतं बघा. बीपी तरी?"

"थोडं."

"थोड्याचं चालत न्हाई."

चाळीस वर्षं बँकेत मी काउंटरपलीकडून लोकांना असेच प्रश्न विचारले, त्यामुळे माणूस कामाचा आहे हे मला लगेच कळलं. राग त्यानं कमी झाला नाही. मागून एक बाई "दोन!" म्हणत सरळ आत गेल्या. मामानं विचारलंसुद्धा नाही.

शेवटी हुज्जत घालून अकरा नंबर मिळवला. डावा हात तुटलेला. त्या खुर्चीत माणूस नकळत उजवीकडे कलतो आणि उजवीकडे खांब आहे, त्यामुळे बुवा दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात. तरी बारा दिवस मी तिथं बसलो. जागा आपली वाटायला लागली होती. घरून उशीसुद्धा नेली.

परवा तेरावा लागला. हजारावर ओव्या, खुर्ची पाहिजेच. बुवा अमानित्वावर आले होते. ज्ञानी माणसाला मान नको असतो, कुणी ओळखू नये असं वाटतं, वगैरे. मी मान डोलवत होतो. तेवढ्यात मामा वाकून कानात म्हणाला, "काका, उठा की जरा. दोनवाले आल्यात." मामाची कुजबुज गणपत गल्लीपर्यंत जाते. बुवा ओवी अर्धी टाकून थांबले. अख्खा मंडप माझा एकच गुडघा बघायला वळला.

आणि दोनवाले कोण? आमच्याच शाखेतले जुने हेडकॅशियर. रोज पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पाच फेऱ्या मारतात, मी डोळ्यांनी बघितलंय! इथं आले की लंगडतात. बसताना म्हणतात कसे, "राहू दे हो, बसा तुम्ही," आणि तोवर बसलेलेसुद्धा. माझ्या उशीवर.

मी भिंतीला टेकलो. पुढच्या शंभरेक ओव्या काय होत्या, मला विचारू नका. मी मनात रेल्वेशी भांडत होतो. साठीच्या पुढच्या पुरुषांना तिकिटात ४० टक्के सवलत होती, मार्च २०२० मध्ये बंद केली ती आजतागायत नाही. म्हणजे पंढरपूरला जाऊन अर्थ शोधायचा तर पूर्ण तिकीट काढून शोधा. परवा एका कचेरीत ज्येष्ठांचा अर्ज भरायला गेलो, तर सगळा कन्नडात. साहेबांनी बोट ठेवलं तिथं सही केली. कशावर केली, अजून माहीत नाही. बँकेत लोकांना बोट दाखवायचं काम माझं होतं. म्हातारपणी आत वळा म्हणतात. बाहेर उभं राहायला जागा नसली की माणूस वळतोच हो, त्यात साधना कसली?

आरतीला सगळे उठले. मी उठेना. एका हातानं भिंत धरली, दुसऱ्यानं पुढच्या आजोबांचं धोतर धरता धरता सोडलं. शेवटी मामानंच बगलेत हात घालून उचललं. "म्हटलं नव्हतं, एकच हाय म्हणून? दोन असते तर हे उठलेच नसते," असं त्यानं शेजारच्याला समजावलं.

काल सकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी फोटो उजेडावर धरला, बराच वेळ बघितला आणि जपून म्हणाले, "काका, डावाही गेलाय."

"नक्की ना? तसं लिहून द्या," म्हटलं.

येताना पाव किलो कुंदा घेतला. आज पंधरावा. वाचन साडेचारला आहे. मी फोटोचा लिफाफा काखेत मारून चारलाच निघणार आहे.