मुलाखतीला आलेल्या मुलांकडून फुकट काम करून घेऊ नका

आज सकाळी बाणेरमधल्या एका छोट्या स्टार्टअपच्या संस्थापकांची पोस्ट वाचली. हल्लीच्या तरुणांना कष्ट नकोत, त्यामुळे आम्हाला माणसेच मिळत नाहीत, अशी त्यांची तक्रार आहे आणि खाली कित्येकांनी तिला दुजोरा दिला आहे. माझे डोके फिरले, कारण याच कंपनीत माझ्या भाचीने मध्यंतरी मुलाखत दिली होती आणि तिथे कष्ट कोणी केले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

या कंपनीचे ॲप घरोघरी दूध पोहोचवणाऱ्यांसाठी आहे. एचआरचा फोन झाल्यावर शुक्रवारी रात्री भाचीला असाइनमेंट आली, ती सोमवारी सकाळी द्यायची होती. ग्राहक गावाला गेला की दुधाचा खाडा कसा नोंदवायचा, सणाला जादा दूध मागवले तर ते कुठे दिसायचे आणि खाडे वजा करून महिनाअखेरीचे बिल कसे निघायचे, हे सगळे तिने चालते करून दाखवायचे होते. उमेदवाराला कोड लिहिता येतो की नाही हे तासा-दोन तासांत कळते. हे तर कंपनीचेच अडलेले काम होते. हिंजवडीतली नोकरी सांभाळणाऱ्या या मुलीने शनिवार-रविवार जागून ते पूर्ण केले. रात्री अकरानंतर खाडा टाकला तर दूध गाडीत चढलेले असते, म्हणून तिथे वेळेची मर्यादा हवी, हेही तिला कोणी न सांगता सुचले.

पुढच्या फेरीत संस्थापक तासभर उशिरा आले, गाडी चालवत, कॅमेरा बंद ठेवून बोलले, आणि तिच्या कामाबद्दल एक अक्षर न काढता लग्नाचा काय विचार आहे, असे त्यांनी विचारले. पगार आत्तापेक्षा कमी मिळेल, पण ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याची मुभा, देऊ, असेही म्हणाले. कंपनी कायद्याखालच्या 2014 च्या नियमांप्रमाणे ईसॉप दिल्यापासून किमान 1 वर्ष तरी त्यावरचा हक्क पक्का होत नाही, आणि घरभाडे तर दर महिन्याला द्यावे लागते. त्यानंतर त्या कंपनीकडून ना मेल आला, ना फोन.

छोट्या कंपनीत एकच माणूस दहा कामे ओढत असतो आणि ऑफर घेऊन ऐन वेळी न येणारे उमेदवारही असतात, हे मला मान्य आहे. पण म्हणून समोरच्याचे दोन दिवस फुकट वापरायचा अधिकार कोणाला मिळत नाही. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 17 प्रमाणे एरवी नोकरीत केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो. उमेदवार हा नोकर नसतो, त्यामुळे त्याने स्वतः लिहिलेला कोड त्याचाच राहतो. तो हक्क घ्यायचा तर कलम 19 प्रमाणे त्याच्या सहीचा लेखी करार लागतो. काही आठवड्यांनी त्या ॲपमध्ये खाड्यासाठी रात्री अकराची मर्यादा दिसू लागली. योगायोग असेलही, पण माझा त्यावर विश्वास बसत नाही.

माझ्या मित्रयादीतल्या निदान चार-पाच जणांनी स्वतःच्या कंपन्या उभ्या केल्या आहेत, कोणी राहत्या घराच्या हॉलमध्ये, कोणी घर गहाण ठेवून, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हक्काने सांगतो, मोठे काम द्यायचे असेल तर त्याचे पैसे द्या, नाहीतर आपल्या कामाशी संबंध नसलेला छोटा प्रश्न द्या. आणि नकार असेल तर तसे आठवडाभरात कळवा. भाचीने शेवटच्या मेलमध्ये नोकरी मागितली नव्हती, आपल्या कामात काय कमी पडले एवढेच विचारले होते. ते कळले असते तर पुढच्या मुलाखतीआधी ती तेवढे शिकून घेणार होती.